आधी मोजा, मग बोला

गेल्या थंडीतली गोष्ट. सकाळचे साडेआठ वाजले असतील. जळगावच्या अजिंठा चौफुलीपासून जवळच माझे छोटेसे वर्कशॉप आहे. जनरेटर, डिझेल इंजिने आणि पाण्याचे पंप दुरुस्त करणे हा माझा तीस वर्षांचा धंदा. त्या दिवशी दारात एक पांढरीशुभ्र, लांबलचक गाडी येऊन उभी राहिली. आत झोपायच्या चार जागा, ओटा, छोटा फ्रीज, न्हाणीघर, सगळे होते. हल्ली अशा गाडीला कॅराव्हॅन म्हणतात. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून अशी चालती घरे आमच्या रस्त्यावरही अधूनमधून दिसू लागली आहेत. हे कुटुंब नाशिकहून निघाले होते. धुळ्याला एक रात्र काढून आता अजिंठ्याची लेणी पाहायला चालले होते. सोबत आजीबाई होत्या, सून होती आणि चौदा-पंधरा वर्षांचा नातू होता.

तक्रार साधी होती. गाडी चालत होती, पण आतल्या विजेसाठी बसवलेला जनरेटर सुरू होत नव्हता. बटण दाबले की एक बारीक ‘कट’ असा आवाज व्हायचा आणि पुढे काहीच नाही. पण तक्रारीच्या आधी मला ऐकू आले ते वडिलांचे बोलणे. ‘‘ह्यानंच केलंय सगळं. रात्रभर मोबाइल चार्जिंगला आणि पंखा चालू. बॅटरी खाऊन टाकली कारट्यानं!’’ मुलगा गाडीच्या पायरीवर मान खाली घालून बसला होता. काही बोलत नव्हता.

त्या पोराकडे पाहून माझा हात पान्ह्यावरच थांबला. अशीच खाली घातलेली एक मान मी पूर्वी पाहिली होती. फरक एवढाच, की त्या वेळी ओरडणारा मी होतो.

‘फिरत नाही’ आणि ‘धरत नाही’

ती गोष्ट सांगण्याआधी थोडे इंजिनाविषयी सांगायला हवे, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. इंजिन ‘सुरू होत नाही’ असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळे आजार असतात. एकात इंजिन ‘घर्र घर्र’ फिरते, पण धरत नाही. तिथे डिझेल, हवा, फिल्टर यांकडे पाहावे. दुसऱ्यात इंजिन फिरतच नाही. आमच्या भाषेत ‘सेल्फ मारत नाही’. तिथे डिझेलचा नळ उघडून, फिल्टर काढून काही उपयोग नाही. तो विजेचा आजार आहे. बॅटरीपासून सेल्फपर्यंतची आणि सेल्फपासून परत बॅटरीपर्यंतची वाट कुठेतरी अडली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

‘परत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वीज जाते, तशी ती परतही यावी लागते. जाण्यासाठी जाड लाल वायर असते, ती सगळ्यांना दिसते. परतीची वाट मात्र बहुधा लोखंडातूनच असते: इंजिनाचे अंग, सांगाडा, त्याला जोडलेली एक चपटी पट्टी आणि तिथून बॅटरीचे काळे टोक. यालाच आम्ही ‘अर्थ’ म्हणतो. तो गाडीखाली, चिखलात, गंजात असतो आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

पूर्वी ही भानगडच नव्हती. खान्देशातल्या विहिरीविहिरीवर एका सिलिंडरची तेलाची इंजिने असत. हँडल घालायचे, डोक्यावरचा खटका उचलून धरायचा, दोन्ही हातांनी गरगर फिरवायचे आणि वेग आला की खटका सोडायचा. ‘पुक्-पुक्’ सुरू! मात्र हँडल उलटे बसले तर मनगट मोडे. मोटारींच्या आरंभकाळात असे हात इतक्या जणांचे मोडले, की मनगटाजवळच्या एका मोडीला डॉक्टरांच्या पुस्तकात ‘शोफर्स फ्रॅक्चर’ असे नावच पडले. जुने जाणते शेतकरी हँडल धरताना अंगठा मुठीखाली अडकवू देत नसत, तो याच भीतीने.

या हँडलातून माणसाची सुटका केली अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने. दुकानातले पैसे मोजायचे यंत्र विजेवर चालवण्याचे काम त्याने आधी केले होते. तिथे त्याच्या लक्षात आले होते, की मोटर थोडाच वेळ चालवायची असेल, तर लहानशा मोटरवरही मोठा भार टाकता येतो. हीच युक्ती त्याने इंजिनाला लावली आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा सेल्फ आला. बटण दाबले की इंजिन फिरू लागले.

पण या सुखाची एक किंमत आहे. घरातली ट्यूबलाइट अर्धा अँपिअरही घेत नाही. मध्यम डिझेल इंजिनाचा सेल्फ त्या क्षणी दोनशे-अडीचशे अँपिअर मागतो. एवढा लोंढा जायचा, तर वाट मोकळीच हवी. एखाद्या जोडात पाच शतांश ओहम एवढा किरकोळ अडथळा आला, तरी दोनशे अँपिअरच्या हिशेबाने दहा व्होल्ट तिथेच संपतील. बारातून दहा गेले, सेल्फला उरले दोन. त्यात ‘कट’ एवढाच आवाज होणार. आणि गंमत अशी, की त्याच जोडातून लहान दिवा छान पेटतो, कारण त्याला लागतेच किती? म्हणून माणूस फसतो. दिवा पेटतो म्हणजे जोड ठीक, असे धरून चालतो.

मीही तसाच फसलो होतो.

फडाची गाडी

कॅराव्हॅनचे आज कौतुक आहे. पण चालत्या घरात राहणारी माणसे आपल्याकडे नवी नाहीत. तमाशाचे फड पिढ्यान्‌पिढ्या असेच जगत आले. दसऱ्याला बाहेर पडायचे आणि वैशाखापर्यंत गावोगावच्या यात्रा करत हिंडायचे. ट्रकमध्येच पेट्या, ट्रकमध्येच चूल-भांडी, ट्रकमध्येच तान्ह्या पोराची झोळी. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथे येऊन सुपारी देतात, हे पुष्कळांना ठाऊक असेल. खान्देशातही तमाशाची आवड दांडगी. रब्बी घरात येऊ लागली, की तापी, पांझरा आणि बोरीकाठच्या गावांत यात्रांचा हंगाम चढतो. आखाजीपर्यंत तो चालतो.

धुळ्याच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचे प्रमाणपत्र घेऊन मी बाहेर पडलो, तेव्हा नोकरी नव्हती. एका फडाला जनरेटर सांभाळायला माणूस हवा होता. घरी आईने कपाळाला हात लावला, पण मी गेलो. दोन हंगाम राहिलो. फडाची मालकीण स्वतः वगात उभी राहायची. तिला सगळे ‘बाई’ म्हणत. एका ट्रकवर जनरेटर कायमचा बसवलेला होता. रंगमंचावरचे हॅलोजन, कर्णे, तंबूतले दिवे, सगळे त्याच्या जिवावर. गावात वीज असली तरी तिचा भरवसा कोण धरणार?

फडात एका कलावंतिणीचा मुलगा होता, बारा-तेरा वर्षांचा. नाव सांगत नाही. फडातच जन्मलेला, शाळा चार ठिकाणी तुटलेली. त्याला जनरेटरचे वेड होते. माझ्या मागेमागे असायचा. तेल तपासायचा, पट्ट्यावर बोट दाबून ताण पाहायचा. इंजिनाचा आवाज जरा बदलला तर झोपेतून उठून मला हलवायचा, ‘‘दादा, बघा ना, कसं कण्हतंय!’’ रात्री तो जनरेटरच्या ट्रकमध्येच झोपे. तिथल्या बॅटरीवर त्याने एक छोटा रेडिओ जोडला होता. तेवढीच त्याची चैन.

१९९१ चा फेब्रुवारी महिना. पारोळे तालुक्यातले बोरीकाठचे एक गाव. तंबू उभा राहिला, माणसे दुपारपासून बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरने येऊ लागली. साडेनऊला मी बटण दाबले. ‘कट.’ पुन्हा दाबले. ‘कट.’ पॅनेलवरचा लाल दिवा बटण दाबताच मंद होऊन विझत होता, सोडले की पुन्हा लागत होता.

बाहेर दोन-अडीच हजार माणूस. आत पेट्रोमॅक्सच्या उजेडात बाया तोंडाला रंग लावून बसलेल्या. यात्रा कमिटीचे दोघे जण येऊन सांगून गेले, ‘‘दहाला पडदा उघडला नाही तर उरलेले पैसे विसरा. आणि लोकांचं आम्ही सांगू शकत नाही.’’ त्याचा अर्थ दगड. बाईंनी हंगामासाठी व्याजाने उचल काढलेली. त्या एका रात्रीच्या पैशांवर तीस-पस्तीस माणसांचे आठवड्याचे पोट होते.

मोटार धक्का मारून सुरू करता येते. जनरेटरला धक्का कोण मारणार?

दिवा विझतो म्हणजे बॅटरी उतरली, असा मी निष्कर्ष काढला. बॅटरी उतरली म्हणजे कोणीतरी उतरवली. आणि कोणी, हे तर समोरच होते. ‘‘रात्रभर रेडिओ लावतोस ना?’’ असे ओरडून मी त्या पोराच्या कानाखाली वाजवली. सगळ्यांसमोर. त्याची आई अर्धा रंग लावलेल्या चेहऱ्याने कनातीच्या फटीतून पाहत होती. ‘‘दादा, काल नव्हता लावला,’’ एवढेच तो म्हणाला आणि ट्रकच्या चाकाशी जाऊन बसला.

मग मी दुसऱ्या ट्रकची बॅटरी काढून आणून लावली. ती बॅटरी चांगली होती, त्याच संध्याकाळी तिने ट्रक सुरू केला होता. बटण दाबले. ‘कट.’ इथेच माझे डोळे उघडायला हवे होते. बॅटरी बदलूनही आजार तोच राहिला, म्हणजे आजार बॅटरीत नव्हता. पण चूक कबूल करण्यापेक्षा पुढची चूक करणे सोपे असते. मी म्हणालो, सेल्फ जळला, आणि सेल्फ उतरवायला पान्हा घेतला. माझ्या पेटीत तळाशी मल्टिमीटर होता. मी तो बाहेरसुद्धा काढला नाही.

गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. धोतर, डोक्याला टॉवेल. गावातली विहिरीवरची इंजिने तोच दुरुस्त करत असे, हे मला नंतर कळले. माझ्या हातातला पान्हा त्याने काढून घेतला आणि अहिराणीत म्हणाला, ‘‘पोऱ्याले कसाले मारं रे भाऊ? बॅटरी चांगली शे.’’

ट्रॅक्टरच्या दिव्यातला एक लहान बल्ब त्याने मागवला आणि त्याला दोन वायरी जोडल्या. एक टोक बॅटरीच्या काळ्या खांबावर धरले, दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. बल्ब पेटला नाही. ‘‘दाब,’’ तो म्हणाला. मी बटण दाबले आणि बल्ब लख्ख पेटला. सोडले, विझला.

वाचकहो, तो बल्ब पेटायला नको होता. काळा खांब आणि इंजिनाचे अंग ही एकाच वाटेची दोन टोके. वाट मोकळी असेल, तर त्यांच्यामध्ये व्होल्ट उरणारच नाहीत. बल्ब पेटला, याचा अर्थ परतीच्या वाटेवरच धरण बांधलेले होते. सगळे व्होल्ट तिथे अडून बसले होते. पॅनेलचा दिवा विझत होता तोही त्याचमुळे, कारण त्याचा अर्थही त्याच वाटेने जात होता.

म्हाताऱ्याने खाली वाकून पाहिले. जनरेटर रबराच्या पायांवर बसवलेला असतो, म्हणजे हादरे सांगाड्याला लागत नाहीत. पण रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याची चपटी पट्टी असते. त्या पट्टीच्या बोल्टखाली हिरव्या रंगाचा जाड थर होता. बोल्ट ढिला झालेला, कडेला गंज आणि काळा डाग.

तो रंग मी दिला होता. दसऱ्याच्या आधी, हौसेने, सगळा सांगाडा नवा दिसावा म्हणून. रंग ओला असतानाच पट्टी वर ठेवून बोल्ट आवळला होता. आट्यांच्या आधाराने चार महिने कसेबसे चालले, हादऱ्यांनी ढिले होत गेले आणि त्या रात्री संपले.

कानशीने रंग खरवडला, लोखंड पांढरे केले, बोल्ट आवळला. पहिल्याच बटणाला इंजिन गरजले. दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. दिवे लागले तेव्हा तंबूत जी आरोळी उठली, ती अजून कानात आहे. गण झाला, गौळण झाली, वग पहाटेपर्यंत चालला. बाईंना पैसे मिळाले.

मला मात्र आठवले ते निराळेच. दोनच दिवसांपूर्वी, जनरेटर सुरू करताना त्या पोराने मला सांगितले होते, ‘‘दादा, तुम्ही सेल्फ मारता तेव्हा खाली ठिणगी पडते.’’ मी हसलो होतो. म्हटले होते, ‘‘तू झोप.’’

आणि रेडिओचा हिशेब? तो मी नंतर कागदावर मांडला. रेडिओ घेणार फार तर अर्धा अँपिअर. आठ तासांचे झाले चार. बॅटरी एकशेवीस अँपिअर-तासांची. म्हणजे शंभरातले तीन-साडेतीन. आयटीआयच्या पहिल्या महिन्यातले गणित. ते मारण्याआधी मांडले असते तर अर्धे मिनिट लागले असते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला सांगितले, की चूक माझी होती. तो ‘हो’ म्हणाला. पण नंतर जनरेटरपाशी आला नाही. रेडिओ त्याने काढून नेला, झोपायला दुसऱ्या ट्रकमध्ये गेला. पुढच्या हंगामात फडात तो नव्हता. धुळ्याला महामार्गावरच्या एका हॉटेलात कपबश्या धुतो, असे त्याच्या आईने सांगितले. मी दोनदा जाऊन शोधले. भेटला नाही. ज्याच्या कानाला इंजिनाचे कण्हणे कळत होते, असा दुसरा शागीर्द मला तीस वर्षांत मिळालेला नाही.

क्रम पाळावा

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. तो घरच्या गाडीलाही लागू आहे, शेतावरच्या ट्रॅक्टरलाही आणि सोसायटीच्या जनरेटरलाही.

पहिल्यांदा डोळ्यांनी पाहावे. इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण दाबलेले राहिले आहे का? फ्यूज उडाला आहे का? बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का? असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी. ते पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नये. टोके हाताने हलवून पाहावीत. हाताने हललेले टोक हे निम्म्या दुखण्यांचे मूळ असते.

मग बॅटरी मोजावी. काही वेळ न वापरलेली, भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. बाराच्या खाली म्हणजे आधी चार्जिंग. त्यानंतर बटण दाबून मोजावे. व्होल्ट साडेनऊच्याही खाली कोसळले, तर बॅटरी कमजोर आहे, किंवा इंजिन अथवा सेल्फ अडकून जास्त ओढतो आहे. आणि बटण दाबूनही बॅटरीवर साडेबाराच राहिले, तर बॅटरी निर्दोष आहे. वीज पुढे जातच नाही. मग वाट एकेक जोड करत तपासावी, लाल वायरीची आणि परतीचीसुद्धा. प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना मीटर धरून बटण दाबावे. दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर चोर तिथेच. सेल्फ उतरवायचा तो सगळ्यात शेवटी.

काही पथ्ये आहेत. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये, मध्ये त्याला मिनिटभर थंड होऊ द्यावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. वायरी सोडताना आधी काळे टोक काढावे आणि लावताना ते शेवटी लावावे. आणि जनरेटर बंद जागेत, झोपायच्या खोलीजवळ कधीही चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पायरीवरचा मुलगा

तर ती कॅराव्हॅन. मी मीटर काढला आणि त्या मुलाला हाक मारली. ‘‘ये बाळा, हे टोक धर.’’ तो वडिलांकडे पाहत उठला. त्याला मीटरचे टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर ठेवायला सांगितले. आकडा १२.५. बटण दाबले, आकडा जवळजवळ हललाच नाही. मग तेच टोक खांबावरून काढून, खांबाला घातलेल्या क्लॅम्पवर ठेवायला सांगितले. दोन्हींत बोटभर अंतर नाही. बटण दाबले आणि आकडा धाडकन तीनवर आला.

मुलाने माझ्याकडे पाहिले. ‘‘काका, म्हणजे बॅटरी चांगली आहे. हा जोड खराब आहे.’’

क्लॅम्प हाताने गोल फिरत होता. मी विचारले, टोक कोणी काढले होते? थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग वडीलच म्हणाले, ‘‘दिवाळीनंतर गाडी उभीच होती म्हणून मीच काढलं होतं. परत लावताना पान्हा सापडला नाही. हातानं आवळलं.’’

मुलाकडून खांब पॉलिश पेपरने घासून घेतला, त्यानेच दहाचा पान्हा घेऊन क्लॅम्प आवळला, वर पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवले. बटणही त्यालाच दाबू दिले. जनरेटर सुरू झाला तेव्हा आजीबाईंनी आतूनच टाळ्या वाजवल्या.

पैसे किती, असे वडिलांनी विचारले. मी म्हणालो, काम तुमच्या मुलाने केले आहे, त्याला विचारा. ते मुलाजवळ गेले. काय बोलले ते ऐकू आले नाही, पण बोलले बराच वेळ. नंतर दोघे समोरच्या टपरीवर चहाला गेले.

माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर दोन वायरी जोडलेला एक लहान बल्ब खिळ्याला टांगलेला असतो. आता चांगला डिजिटल मीटर आहे, त्याची गरज पडत नाही. नव्याने कामाला येणाऱ्या पोराला मात्र मी पहिल्या दिवशी तोच काढून हातात देतो, आणि ठिणगी दिसली तर मला लगेच सांग, असे बजावतो.